दिनविशेष : २० जानेवारी १९९९

नेदरलँड्समधील वाइक आन झी येथील बुद्धिबळ स्पर्धेत गॅरी कास्पारोव्हने व्हेसेलिन टोपालोव्हविरुद्ध २४व्या चालीत हत्ती देऊ केला. टोपालोव्हने तो प्याद्याने मारला आणि तिथेच डाव फिरला. राजा बाजूला सरकवला असता, तर काळ्याला भीती नव्हती, हे नंतरच्या विश्लेषणात दिसले.

पुढच्याच चालीला कास्पारोव्हने दुसरा हत्ती पुढे घातला. मग काळ्या राजाची अक्षरशः फरफट सुरू झाली. वजिराच्या बाजूने निघालेला हा राजा शह चुकवत, प्यादी मारत थेट पांढऱ्याच्या पहिल्या ओळीत पोहोचला! ३६व्या चालीतील उंटाची खेळी तर हत्तीच्या बलिदानाइतकीच देखणी.

४४व्या चालीनंतर टोपालोव्हने हार मानली. स्पर्धाही कास्पारोव्हनेच जिंकली. अवघ्या अर्ध्या गुणाने मागे राहिलेला विश्वनाथन आनंद दुसरा आला.