विद्युत् मंडलातील आंदोलने
विद्युत् मंडलातील आंदोलने : प्रवर्तक (तारेचे वेटोळे), रोधक व विद्युत् भारित धारित्र एकसरीत जोडले असता प्रवाह एकाच दिशेने वाहून थांबतो की मागेपुढे आंदोलत राहतो, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात बराच काळ अनिर्णित होता.

प्रश्नाचा उगम साध्या सुयांत आहे. लेडन पात्राचा (आद्य धारित्राचा) विसर्ग तारेतून नेऊन जवळच्या पोलादी सुया चुंबकित केल्या असता काहींचे ध्रुव अपेक्षेच्या उलट येत. विसर्ग आंदोलक असावा, असे फेलीक्स साव्हारी यांनी १८२७ मध्ये सुचविले. जोसेफ हेन्री यांनी १८४२ मध्ये तोच निष्कर्ष काढला व हेल्महोल्ट्स यांनी १८४७ मध्ये तो मांडला. मात्र आंदोलन केव्हा होईल व केव्हा होणार नाही, हे त्यांपैकी कोणी सांगितले नव्हते.

ते विल्यम टॉमसन (नंतरचे लॉर्ड केल्व्हिन) यांनी १८५३ मध्ये सांगितले. धारित्रातील ऊर्जा काही अंशी रोधात उष्णतारूपाने नष्ट होते, तर उरलेली प्रवाहात गतिज ऊर्जेसारखी साठते. त्यामुळे धारित्र रिकामे झाल्यावरही प्रवाह थांबत नाही व धारित्र उलट दिशेने भारित होते. या हिशेबातून त्यांनी निर्णायक अट काढली : प्रवर्तकत्वाला धारितेने भागून येणाऱ्या संख्येच्या वर्गमूळाच्या दुपटीपेक्षा रोध कमी असेल तरच आंदोलने होतात. उदा., १ मिलिहेन्‍री प्रवर्तकत्व व ०·०१ मायक्रोफॅराड धारिता असता ही मर्यादा सु. ६३२ ओहम येते. रोध अत्यल्प असल्यास कंप्रता सु. ५० किलोहर्ट्‌झ असते. ‘प्रवर्तकत्व’ ही संज्ञा तेव्हा रूढ नव्हती; टॉमसन यांनी त्या राशीस विद्युत् गतिकीय धारणा म्हटले होते, हे लक्षणीय आहे.

ठिणगी फिरत्या आरशात पाहावी, ही सूचनाही टॉमसन यांचीच. फेडरसन यांनी १८५७ पासूनच्या प्रयोगांत ती अंमलात आणली. आरशातील प्रतिमेत ठिणगीचा ताणलेला पट्टा एकाआड एक प्रकाशमान व मंद दिसला. रोध वाढविल्यावर आंदोलने नाहीशी झाली.

प्रत्यावर्ती विद्युत् दाबाखाली अशा मंडलात अनुस्पंदन कसे होते, हे मॅक्सवेल यांनी १८६८ मध्ये दाखविले. ऑलिव्हर लॉज यांनी १८८९ मध्ये दोन लेडन पात्रांची मंडले एकमेकांशी जुळवून एकातील विसर्गाने दुसऱ्यात ठिणगी पाडली. तारेची लांबी थोडी बदलली की ती पडत नसे. रेडिओ संचातील केंद्र निवडण्याची युक्ती याच प्रयोगाची वंशज होय.