भेगेच्या टोकाशी

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी सरांनी फळ्यावर भेगेभोवतीच्या ताणाचं सूत्र लिहिलं. टोकापासूनचं अंतर छेदात, तेही वर्गमुळाखाली. म्हणजे टोकाच्या जितकं जवळ जाल तितका ताण जास्त. आणि अगदी टोकावर? शून्याने भागाकार, म्हणजे अनंत ताण. मी हात वर केला. सर म्हणाले, "तिथे बघायचं नाही. त्यावर प्रश्न येत नाही." वर्ग हसला, मीही हसलो. मॉस्कोमधला एक गणिती १९५०च्या दशकात नेमका तिथेच बघत बसला होता, हे मला फार उशिरा कळलं.

त्याचं नाव ग्रिगोरी बारेनब्लाट. पण त्याच्याकडे वळण्याआधी हा अनंत आला कुठून ते बघू. १९१३मध्ये इंग्लिस या इंग्रज इंजिनिअरने ताणलेल्या पत्र्यातल्या लंबगोल भोकाचं गणित सोडवलं. भोक गोल असेल तर कडेवर तिप्पट ताण येतो; रुंदीच्या पाचपट लांब असेल तर अकरापट. ते चपटं करत करत चीर बनवली की उत्तर अनंत. या हिशोबाने तडा गेलेली काच बोट लावताच फुटायला हवी. पण तडे गेलेल्या खिडक्या वर्षानुवर्षं टिकतात. (माझ्या फोनचा स्क्रीनही.)

फार्नबरोला विमानांवर काम करणाऱ्या ग्रिफिथने १९२०मध्ये अनंताला बगल दिली. त्याने ताणाऐवजी ऊर्जेचा जमाखर्च मांडला. भेग वाढली की नवा पृष्ठभाग तयार होतो, तो खर्च. ताणलेला पदार्थ सैल पडून ऊर्जा सुटते, ती जमा. जमा खर्चाच्या पुढे गेली की भेग धावते. काचेला हे छान लागू पडलं, पोलादाला नाही. १६ जानेवारी १९४३ला अमेरिकेत पोर्टलंडच्या धक्क्याला शांत उभं असलेलं 'स्केनेक्टडी' हे टँकर जहाज मोठा आवाज होऊन जवळजवळ दुभंगलं, तेव्हा हा प्रश्न वहीतला राहिला नाही. पुढे जॉर्ज अर्विनने ग्रिफिथचा हिशोब धातूंसाठी दुरुस्त केला. आमच्या फळ्यावरचं सूत्र त्याच परंपरेतलं. काम भागलं, पण टोकावरचा अनंत होता तिथेच राहिला.

बारेनब्लाटचा जन्म १९२७चा, मॉस्कोतला. आई नादेझ्दा कागान विषाणूशास्त्रज्ञ होती. गोचिडीमुळे होणाऱ्या मेंदूज्वरावरच्या लशीचं काम करताना प्रयोगशाळेतच तिला संसर्ग झाला आणि १९३८मध्ये ती गेली. तेव्हा हा मुलगा दहा-अकरा वर्षांचा. आजोबा वेनिआमिन कागान नावाजलेले भूमितीतज्ज्ञ. (आईच्या दुसऱ्या लग्नातून झालेला धाकटा भाऊ याकोव्ह सिनाई, तोही मोठा गणिती झाला.) मॉस्को विद्यापीठात बारेनब्लाटला गुरू मिळाले ते आंद्रे कोल्मोगोरोव्ह. प्रबंधाचा विषय होता खळाळत्या प्रवाहात तरंगणारे कण. भेगांशी काहीही संबंध नाही.

भेगा भेटल्या त्या नोकरीत. १९५३पासून तो विज्ञान अकादमीच्या पेट्रोलियम संस्थेत होता. तेलविहिरीत प्रचंड दाबाने द्रव सोडून जमिनीखालचा खडक फोडायचा, म्हणजे तेलाला वाट मिळते. आज ज्याला फ्रॅकिंग म्हणतात त्याचाच हा पाया. पण अमुक दाबाला भेग किती लांब जाईल? १९५५मध्ये ख्रिस्तिआनोविच आणि झेल्तोव्ह यांनी एक धाडसी गोष्ट गृहीत धरली. टोकावर ताण अनंत होणारच नाही. उलट तो मर्यादित राहावा या अटीवरूनच भेगेची लांबी ठरेल. मग टोकाशी भेगेच्या दोन्ही बाजू अलगद एकमेकींना टेकतात. साध्या सिद्धांतातली भेग टोकाशी अंड्यासारखी बोथट उघडते; ही मिटते ती चोचीसारखी.

खोल खडकात वरच्या जमिनीचं वजन बाजू मिटवतं, हे पटतं. पण काचेच्या तुकड्याला कोण दाबतं? बारेनब्लाटचं उत्तर ऐकायला सोपं आहे: पदार्थ स्वतःच. टोकाजवळ दोन बाजूंमधलं अंतर इतकं कमी असतं की रेणूंची एकमेकांवरची ओढ अजून शाबूत असते. ती ओढ हिशोबात धरली की बाहेरचा ताण आणि आतली ओढ यांचे दोन अनंत एकमेकांना खोडतात. म्हणजे निसर्गात अनंत कधी नव्हताच. आपण एक बल मोजायचं विसरलो होतो.

त्याचं दुसरं गृहीतक मला जास्त धीट वाटतं. भेग सरकण्याच्या बेतात असते तेव्हा टोकाजवळच्या त्या चिमुकल्या पट्ट्याचा आकार भार कितीही असो, भेग कितीही लांब असो, त्या पदार्थासाठी सारखाच असतो. त्यामुळे रेणूंच्या ओढीचा तपशील माहीत नसला तरी चालतं. पदार्थामागे एक आकडा पुरतो. हे काम १९५९मध्ये रशियनमध्ये आलं आणि १९६२मध्ये पंचाहत्तर पानी इंग्रजी लेखातून पश्चिमेत पोहोचलं. मधल्या काळात, १९६०मध्ये, डगडेल या इंग्रज संशोधकाने पोलादी पत्र्यांसाठी अशीच कल्पना स्वतंत्रपणे मांडली होती. आज दोघांची नावं जोडीनेच घेतात.

एक शंका रास्त आहे. पट्टा चिमुकला असेल तर बारेनब्लाटची उत्तरं ग्रिफिथ-अर्विनशी जुळतात. मग एवढा खटाटोप कशासाठी? याचं उत्तर काँक्रीटने दिलं. त्यात खडी असते, तडा वाकडातिकडा जातो, दोन्ही बाजू बराच वेळ एकमेकींना धरून राहतात. पट्टा चिमुकला नसतोच, आणि एका आकड्यावर भागत नाही. १९७६मध्ये स्वीडनच्या हिलरबोर्ग आणि सहकाऱ्यांनी याच कल्पनेतून काँक्रीटच्या तड्यांचं संगणकी गणित उभं केलं. धरणं आणि पूल तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ते आजही आहे.

बारेनब्लाट स्वतः तोवर पुढे निघून गेला होता: भेगाळलेल्या खडकातून झिरपणारं तेल, मग १९७५पासून समुद्रविज्ञान संस्था, केंब्रिज, १९९७पासून बर्कली. उतारवयात त्याने पाइपमधल्या खळाळत्या प्रवाहाच्या सर्वमान्य लॉगरिदमी नियमालाच आव्हान दिलं. त्यावरून बराच वाद झाला. सगळ्यांना त्याचं म्हणणं पटलं असं नाही.

२०१४मध्ये त्याची व्याख्यानं पुस्तकरूपात आली. प्रवाह, विकृती आणि भंग हे सगळं एकाच पुस्तकात. त्याच वर्षी धाकट्या भावाला आबेल पारितोषिक मिळालं. चार वर्षांनी मॉस्कोत बारेनब्लाट गेला, नव्वदीत.