लिम्प: पोकरमधल्या लंगडीची गोष्ट

आज पोकरमधल्या एका बदनाम चालीची गोष्ट.

तीन पत्तीत ‘ब्लाइंड’ म्हणजे पानं न बघता खेळणं. टेक्सास होल्डेममध्ये अर्थ वेगळा. तिथे पानं वाटायच्या आधीच दोघांना सक्तीने पैसे टाकावे लागतात. डीलरच्या डावीकडचा स्मॉल ब्लाइंड, समजा 1 रुपया. त्याच्या पुढचा बिग ब्लाइंड, 2 रुपये. बाकी सगळ्यांनी पानं टाकली की पाळी येते स्मॉल ब्लाइंडवर. त्याने सोडावं, रक्कम वाढवावी, किंवा गुपचूप आणखी 1 रुपया भरून नुसती बरोबरी करावी. ही तिसरी चाल म्हणजे लिम्प. शब्दशः लंगडणं. नावातच टोमणा आहे बघा!

होल्डेम 1960च्या दशकात टेक्सासहून लास वेगासला पोचला. 1970मध्ये तिथे वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर सुरू झाली. 1976 आणि 1977 अशी सलग दोनदा ती जिंकणाऱ्या डॉइल ब्रन्सनने ‘सुपर सिस्टम’ या पुस्तकात आक्रमक खेळाचे धडे दिले. मग 2003मध्ये ख्रिस मनीमेकर हा अकाउंटंट ऑनलाइन पात्रता फेरीतून आला आणि 25 लाख डॉलर जिंकून गेला. पोकरची लाटच आली. नवशिक्यांना पहिला धडा मिळायचा: वाढवा, नाहीतर सोडा. लिम्प करणारा म्हणजे कच्चा लिंबू.

2015मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या ‘सेफियस’ प्रोग्रामनेही तेच सांगितलं. दोघांच्या, ठरलेल्या रकमेच्या होल्डेममध्ये तो फक्त 0.06 टक्के वेळा लिम्प करायचा. पण थांबा. दोघांच्या खेळात स्मॉल ब्लाइंड हा डीलरच असतो. पुढच्या फेऱ्यांत तो शेवटी बोलतो, समोरच्याची चाल बघून. मग पॉट मोठा झाला तर त्याचंच बरं. जास्त खेळाडू असले की चित्र उलटं: स्मॉल ब्लाइंडला पुढच्या प्रत्येक फेरीत सगळ्यांच्या आधी बोलावं लागतं.

2019मध्ये आला ‘प्लुरिबस’. कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि फेसबुकच्या संशोधकांचा, सहा जणांच्या टेबलावर खेळणारा प्रोग्राम. स्वतःशीच खेळत शिकताना त्याने सुरुवातीला लिम्प करून पाहिलं, मग हळूहळू सोडून दिलं. संशोधकांचा निष्कर्ष: लिम्प तोट्याचाच, अपवाद फक्त स्मॉल ब्लाइंडचा.

का? हिशोब करा. पॉटमध्ये 3 रुपये आहेत, भरायचाय 1. म्हणजे ढोबळमानाने चारातला एक डाव जिंकला तरी बरोबरी. इतरांना त्याच 3 रुपयांसाठी 2 भरावे लागतात. त्यांना पाचातले दोन जिंकावे लागतात.

इथे एक गफलत होते. “माझा रुपया आधीच आत आहे, तो वाचवतो,” म्हणून लोक लिम्प करतात. तो रुपया गेला, आता तो पॉटचा. कुठलंही पान घेऊन आत शिरलात, तर वर आणखी जाणार. लिम्प चालतो तो पुढचा रुपया स्वस्त आहे म्हणून.

तेव्हा कोणी कच्चा लिंबू म्हटलंच, तर आधी दोन आकडे बघा: जमलेत किती, भरायचेत किती. भेटू पुढच्या भागात!