रायगड किनाऱ्यावरील आतिथ्य आणि व्यावसायिक शिस्त : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

आतिथ्य-व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याकडून हॉटेलचालक पाककौशल्याबरोबरच वेळेचे पालन, स्वच्छता, नोंदी आणि सेवेतील सातत्य यांची अपेक्षा करतात. रायगड किनाऱ्याच्या संदर्भात या अपेक्षेचा ऐतिहासिक मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

मुंबईत १९५४ साली लीलावती मुनशी यांच्या नेतृत्वाखाली हॉटेल-व्यवस्थापनाचे शिक्षण देणारी संस्था स्थापन झाली. त्यामुळे पाहुणचाराला अभ्यासक्रमाची व परीक्षेची चौकट लाभली. अलिबाग, नागाव, मुरूड या किनारी गावांत मात्र हा व्यवसाय वाडीतील घरांतूनही वाढला. दिवेआगर येथे १९९७ मध्ये गणपतीचा सुवर्णमुखवटा सापडला आणि गावाकडे भाविक-पर्यटकांचा ओघ वाढून घरगुती निवास-भोजनास चालना मिळाली. २०१२ मध्ये मुखवटा चोरीस गेल्यावर तो ओघ ओसरला.

जेवणाची मागणी आगाऊ घेणे, तेवढीच खरेदी करणे आणि ठरल्या वेळी ताट वाढणे, ही घरगुती खाणावळीची रीत म्हणजे शिस्तच होय. ती अलिखित असल्याने मुलाखतीत तिचे मोल होत नाही आणि किनाऱ्यावरील विद्यार्थी अकारण उणा ठरतो. २०२० मध्ये सुरू झालेल्या मांडवा रो-रो सेवेने मुंबईचा ग्राहक अधिकच जवळ आला आहे.

सारांश, विद्यार्थ्यांकडून परिसरातील खाणावळीची कार्यपद्धती, वेळापत्रक व हिशेब लिहून घेणे हा प्रात्यक्षिकाचा भाग व्हावा. घरी अंगवळणी पडलेली शिस्त त्यांना शब्दांत मांडता आली, तर हॉटेलचालकांसमोर ती सिद्धही करता येईल.