क्षितिज हरवलेले उड्डाण

विमान चालविणे ही मुख्यतः हातांच्या कौशल्याची बाब आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः वैमानिकाचा पहिला आधार म्हणजे क्षितिज. ते नाहीसे झाले की काय घडते, याचा दारुण दाखला ३ फेब्रुवारी १९५९ रोजी अमेरिकेतील आयोवा राज्यात मिळाला.

क्लिअर लेक येथील कार्यक्रम आटोपून बडी हॉली, रिची व्हॅलेन्स आणि जे. पी. रिचर्डसन हे तीन तरुण गायक मेसन सिटीच्या विमानतळावर आले. कडाक्याच्या थंडीत नादुरुस्त बसने प्रवास करून ते कंटाळले होते. म्हणून त्यांनी बीचक्राफ्ट बोनान्झा जातीचे लहान विमान भाड्याने घेतले. वैमानिक अवघा २१ वर्षांचा. ७११ तासांच्या उड्डाणाचा अनुभव त्याच्या गाठीशी होता. केवळ उपकरणांच्या आधारे विमान चालविण्याचे शिक्षणही त्याने ५२ तास घेतले होते. परंतु १९५८ मध्ये त्या विषयाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत तो अनुत्तीर्ण झाला होता. रात्री एकच्या सुमारास विमान उडाले आणि थोड्याच वेळात काही मैलांवरील शेतात कोसळले. चौघेही मृत्युमुखी पडले.

अंधार, भुरभुरणारे बर्फ आणि खाली तुरळक वस्ती! अशा वेळी कानातील तोलाचे इंद्रिय माणसास फसविते. वळणारे विमान त्याला सरळ चालल्यासारखे भासते. मग भिस्त उरते ती उपकरणांवर. या विमानातील तोलदर्शक मात्र नाकाचा चढउतार नेहमीच्या ‘कृत्रिम क्षितिजा’च्या नेमका उलट दाखवीत असे. त्यामुळे विमान खाली जात असता ते वर चढत आहे, असा वैमानिकाचा ग्रह झाला असावा, असे चौकशी मंडळास वाटले.

मंडळाने मुख्य ठपका वैमानिकाच्या निर्णयावर ठेवला. तथापि हवामान कचेरीकडे आलेल्या धोक्याच्या सूचना त्याच्यापर्यंत पोहोचल्या नव्हत्या, हेही अहवालात नमूद झाले. कागद कचेरीत आला म्हणजे कर्तव्य संपले, असे मानणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य लक्षात ठेवावे.

डॉन मॅक्लीन यांच्या १९७१ मधील गीताने त्या गायकांची स्मृती जागती ठेवली. अहवाल कोणी गात नाही. परंतु पुढच्या वैमानिकाचे प्राण वाचविण्याचे सामर्थ्य असते ते त्याच्या रुक्ष पानांत.