मेंदू संरक्षण, महारोहिणीच्या तातडीच्या शस्त्रक्रियेतील

हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या कमानीपासून मेंदूस रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या फुटतात. महारोहिणीच्या भित्तीचा आतील थर फाटून रक्त थरांमध्ये शिरल्यास (विदारण) कमानीजवळचा भाग तातडीने बदलावा लागतो व त्यासाठी तेथील रक्तप्रवाह थांबवावा लागतो. मेंदूचे वजन शरीराच्या सु. २ टक्के असले, तरी तो विश्रांतावस्थेत सु. २० टक्के ऑक्सिजन वापरतो. ३७° से. तापमानास चार-पाच मिनिटे पुरवठा तुटला, की त्याच्या कोशिकांना कायमची इजा होऊ लागते. एवढ्या अवधीत कमान शिवून होत नाही.

टोराँटोचे विल्फ्रेड बिगेलो यांनी १९५० मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून थंड शरीरास ऑक्सिजन कमी लागतो, हे दाखविले. १९५३ मध्ये जॉन गिबन यांचे हृद्‌-फुप्फुस यंत्र यशस्वी ठरले. मायकेल डीबेकी व सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये मानेतील रोहिण्यांत नळ्या घालून यंत्राद्वारे मेंदूस रक्त पुरविले परंतु नळ्यांच्या गर्दीत काम करणे कठीण असे. १९७५ मध्ये रँडल ग्रिप यांनी रुग्णांना खोलवर थंड करून रक्ताभिसरणच पूर्ण थांबविले चारांपैकी तीन रुग्ण वाचले. रक्तरहित क्षेत्र मिळाले, पण सु. ४० मिनिटांनंतर पक्षाघाताचा धोका वाढतो, असे पुढे आढळले. महानीलेतून उलट दिशेने रक्त देण्याची रीत जपानमधून आली (१९९०) तिने मेंदूचे पोषण फारसे होत नाही. अखेर काखेतील रोहिणीवाटे मेंदूस थंड रक्त देण्याची पद्धत रूढ झाली. वस्तुतः ही १९५७ मधील कल्पनाच, थंडीच्या जोडीने परतलेली.

महाराष्ट्रात महारोहिणीच्या विकारांचा पायाभूत अभ्यास मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात प्र. कु. सेन व विकृतिवैज्ञानिक सु. ग. किनरे यांनी केला (ग्रंथ १९७३). विदर्भाच्या पूर्व टोकाला प्रश्न निराळा आहे. १९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ मध्ये सुरू झाले, तथापि अशा शस्त्रक्रियेस लागणारे पथक व यंत्रसामग्री मोठ्या हृदयशस्त्रक्रिया केंद्रांतच असते आणि नागपूर लोहमार्गाने सु. १३० किमी. आहे देवरी-सालेकशाच्या वनभागातून प्रवास आणखी लांबतो. उपचाराविना पहिल्या दोन दिवसांत दर तासास १ ते २ टक्के रुग्ण दगावतात, असे जुने अभ्यास सांगतात अलीकडील नोंदींत हे प्रमाण कमी आहे. शस्त्रक्रियागृहातील मिनिटे थंडीने वाढविता येतात, वाटेतील तास नव्हे. म्हणून छाती वा पाठ फाटल्यासारखी एकाएकी दुखू लागल्यास विदारणाची शंका घेऊन सीटी चित्रण करणे व वाटेत रक्तदाब आटोक्यात ठेवणे महत्त्वाचे ठरते. विदारण मानेतील रोहिणीपर्यंत पोहोचले असल्यास मेंदूची इजा शस्त्रक्रियेपूर्वीच सुरू झालेली असू शकते.