शेपटीखालचा इतिहास

चिकूने अंगणातल्या फरशीवर बूड घासत पहिली फेरी मारली तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. भावाने व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला, त्याला सतरा हसऱ्या इमोजी आल्या. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "जंत झाले असतीन त्याले. गोळी देऊन टाका." गोळी दिली. पंधरा दिवसांनी परत दिली. चिकू घासतच राहिला. मग सोफ्याला वास यायला लागला, सडक्या मासळीत गंजका खिळा ठेवल्यासारखा. आईने कव्हरं दोनदा धुतली. बाबा म्हणाले, "उद्यापासून हे बाहेर बांधायचं."

मी तेव्हा यवतमाळला घरून काम करत होतो. एका मीटिंगच्या मधे चिकू केकाटला. पाहिलं तर शेपटीखाली एका बाजूला सुपारीएवढी गाठ फुटून रक्त आणि पू वाहत होता. आम्ही ज्याच्यावर दीड महिना हसत होतो, ते दुखणं होतं.

डॉक्टरांनी हातमोजा घालता घालता विचारलं, "याच्या ग्लँड कधी पाहिल्या होत्या का?" कसल्या ग्लँड? कुत्र्याच्या गुदद्वाराच्या दोन्ही अंगांना, घड्याळात चार आणि आठ जिथे असतात साधारण तिथे, कातडीखाली दोन छोट्या पिशव्या असतात. त्यांच्या भिंतींमधल्या ग्रंथींचा स्राव आत साठतो. कुत्रा शी करतो तेव्हा घट्ट शीचा दाब पडून थोडा स्राव बाहेर येतो, म्हणजे प्रत्येक शीवर सही होते. शी सतत पातळ असेल, कुत्रा लठ्ठ असेल किंवा त्याला कातडीची ॲलर्जी असेल तर पिशवी नीट रिकामी होत नाही. स्राव घट्ट होतो, तोंड बुजतं, संसर्ग होतो आणि शेवटी गळू फुटतं. लहान जातींत हे जास्त दिसतं. आमचा चिकू म्हणजे पांढरा पॉमेरेनियन, वय सात, आईच्या हातच्या तूप-पोळीवर वाढलेला. सगळ्या अटी पूर्ण.

जखम धुतली, अँटिबायोटिक सुरू झालं. पण माझ्या डोक्यात एक भुंगा शिरला. प्रोग्रामरला कुणी सांगितलं की सिस्टीममध्ये एक भाग आहे, तो फक्त त्रास देतो आणि कशासाठी आहे ते कुणाला ठाऊक नाही, तर त्याला झोप लागत नाही. कुणीतरी कधीतरी तो कशासाठी तरी लिहिलेला असतो. मी शोधायला लागलो आणि फिरून फिरून आमच्याच जिल्ह्यात येऊन पोचलो.

2018 साली मी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. मामाचं गाव राळेगाव तालुक्यात. त्या वर्षी मामाने जागल बंद केली होती. कापसाच्या शेतात रात्री रानडुकरं हाकायला कुणीच जात नव्हतं. टी-1 नावाची वाघीण, जिला पुढे बाहेरच्या लोकांनी 'अवनी' म्हटलं, राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात दोन बछड्यांसह फिरत होती. 2016 पासूनचे तेरा मृत्यू त्या भागातल्या वाघांच्या, मुख्यतः तिच्या, नावावर लावले जात होते. शहरातल्या मित्रांचे तिला वाचवण्याचे मेसेज यायचे आणि मामी फोनवर सांगायची की बाया कापूस वेचायला घोळका करून जातात, एकीच्या हातात नुसता थाळी वाजवायचा चमचा. मी दोन्हीकडे 'हो' म्हणत होतो. आजही त्याचं मला बरं वाटत नाही.

तिला शोधायला काय काय आणलं होतं! कॅमेरे, ड्रोन, पॅराग्लायडर, हत्ती. त्यातल्या एका हत्तीने साखळी तोडून एका बाईचा जीव घेतला, तेव्हा हत्ती परत पाठवावे लागले. मग एका नामवंत गोल्फपटूचे दोन कॅने कोर्सो कुत्रे आले. ही इटलीची जात मूळची राखणीची. वाघाचा माग काढायला ती कशी चालणार, हे तेव्हाही पुष्कळांनी विचारलं. आणि सगळ्यात चर्चा झाली ती कॅल्विन क्लाइनच्या 'ऑब्सेशन फॉर मेन' या अत्तराची. पांढरकवड्याच्या जंगलात अमेरिकन सेंट! आमच्या हॉस्टेलवर आठवडाभर दुसरा विनोद नव्हता.

पण ती कल्पना हवेतून आलेली नव्हती. 2003 साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात चोवीस अत्तरं चित्त्यांसमोर ठेवून पाहिली होती. एका महागड्या अत्तरापाशी ते दोन सेकंद थांबले, 'ऑब्सेशन'पाशी सरासरी अकरा मिनिटं. पुढे ग्वाटेमालात जॅग्वारला कॅमेऱ्यासमोर थांबवायला तेच वापरलं. कारण काय असावं, याचा तर्क असा की त्यात सिव्हेटोनसारखा घटक आहे. आणि सिव्हेटोन मुळात येतो जवादी मांजराच्या शेपटीखालून.

इथे मी खुर्चीत सरळ बसलो.

जवादी म्हणजे अत्तरवाल्यांचा जुना माल. इथिओपियात जवादी मांजरं पिंजऱ्यात ठेवून त्यांच्या गुदद्वाराजवळच्या ग्रंथींतला लोण्यासारखा स्राव खरवडून काढत आणि बैलाच्या शिंगात भरून परदेशी पाठवत. नुसता हुंगला तर मळमळेल, पण हजारपट पातळ केला की श्रीमंतांच्या मनगटावर चढतो. 1926 मध्ये लिओपोल्ड रुझिचका या रसायनशास्त्रज्ञाने त्यातल्या मुख्य रेणूची रचना उलगडली: सतरा कार्बनांचं एक मोठं कडं. एवढी मोठी कडी टिकूच शकत नाहीत, असं तोवरचं शास्त्र म्हणत होतं. पुस्तक चुकलं होतं. 1939 च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात या कामाचाही वाटा होता.

तशी ही ग्रंथी चिकूच्या पिशवीहून वेगळी, पण भाऊबंदकीतली. ते घराणं आपल्या रानात भरपूर आहे. तरस गवताच्या काडीवर शेपटीखालची पेस्ट फासून जातो. मुंगसाचं तर कमालच. 1970 च्या दशकात मार्टिन गॉर्मन या शास्त्रज्ञाने आपल्याकडच्या लहान मुंगसावर काम करून दाखवलं की त्याच्या पिशवीतला वास बॅक्टेरिया बनवतात. त्यातल्या आम्लांचं प्रमाण दर मुंगसागणिक वेगळं असतं, म्हणून एक मुंगूस दुसऱ्याला वासावरून ओळखतं. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये एरिक आल्बोन कोल्ह्याच्या पिशव्यांवर हेच तपासत होते. म्हणजे पिशवी हा आंबवण्याचा डबा. इडलीच्या पिठासारखं आत सतत काहीतरी चाललेलं असतं, आणि डब्याचं झाकण बसलं की आमच्या सोफ्यासारखं होतं.

वाघाच्या बाबतीत मात्र शास्त्रज्ञ बराच काळ फसले. वाघ शेपटी उचलून झाडावर मागे जी पिचकारी मारतो, ती गुदग्रंथीतूनच येते असं आधीचे निसर्गअभ्यासक मानत. हा समज खोडला तो कोलकात्याच्या रतनलाल ब्रह्मचारींनी. मूळचे भौतिकशास्त्राचे, सत्येंद्रनाथ बोस यांचे विद्यार्थी, इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये नोकरी आणि नाद वाघाच्या वासाचा. ओडिशातल्या सिमलीपालला सरोजराज चौधरी यांच्या घरी 'खैरी' नावाची पाळलेली वाघीण होती. तिच्यामुळे ही पिचकारी अगदी जवळून पाहता आली. ती मूत्रमार्गातूनच येते, फक्त तिची दिशा मागे आणि वर असते. पुढे 1990 मध्ये ब्रह्मचारी आणि सहकाऱ्यांनी तिच्यात तोच रेणू असल्याचं सांगितलं, ज्याच्यामुळे बासमती आणि आंबेमोहर दरवळतात. जुने शिकारी सांगायचे की वाघ गेला तिथे शिजलेल्या भाताचा वास येतो. तो भास नव्हता. ब्रह्मचारी 2018 च्या फेब्रुवारीत वारले. त्यांना राळेगावची ती पिचकारी पाहायला मिळाली नाही.

2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री बोराटीच्या जंगलात टी-1 ला गोळी घातली गेली. त्या वेळच्या बातम्यांत होतं की तिथे दुसऱ्या वाघिणीचं मूत्र आणि ते अत्तर शिंपडलं होतं, आणि वास घेत ती आली. नियम पाळले गेले का, बेशुद्धीचं इंजेक्शन खरंच आधी मारलं का, यावर पुढे चौकशा आणि खटले झाले, ते वेगळं प्रकरण. मामाने दुसऱ्या दिवशी फोन केला. पेढे वाटले म्हणाला. मग थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "पिल्लं राह्यली ना बे तिची."

तिला कुणी फसवलं, तर तिच्या स्वतःच्या भाषेत फसवलं. हे वाक्य मी तीनदा खोडून परत लिहिलंय, कारण त्यात तेरा माणसं येत नाहीत. पण खोटं वाटत नाही म्हणून ठेवतो.

आता चिकू. कामाचं तेवढं सांगतो. कुत्रा बूड घासत असेल, शेपटीखाली सारखा चाटत असेल, बसताना दचकत असेल, तर जंताच्या गोळीवर थांबू नका, डॉक्टरकडून ग्लँड तपासून घ्या. उलट, काही त्रास नसताना 'आंघोळीबरोबर ग्लँडही काढून देतो' म्हणणाऱ्याला नाही म्हणा. उगाच दाबून दाबून तिथेच सूज येते. यूट्यूब पाहून स्वतः प्रयोग तर मुळीच नको. मी एकदा केला, चिकू मला चावला आणि त्याचं बरोबर होतं. वजन उतरवलं, पोळीवरचं तूप बंद केलं, जेवणात उकडलेला लाल भोपळा आला. शी घट्ट झाली आणि पिशव्या बहुतेक वेळा आपोआप रिकाम्या व्हायला लागल्या. म्हाताऱ्या कुत्र्याला तिथे न दुखणारी टणक गाठ लागली आणि तो फार पाणी पीत असेल तर लगेच दाखवा. तिथे एक वाईट कॅन्सरही होतो, त्याने रक्तातलं कॅल्शियम वाढतं. पुन्हा पुन्हा गळू झालं तर पिशव्या काढायची शस्त्रक्रिया असते. गावातला सरकारी दवाखाना मुख्यतः गाई-बैलांचा, त्यामुळे त्यासाठी नागपूर गाठावं लागेल असं आम्हाला सांगितलं होतं. 1958 सालचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तिथे आहे. सुदैवाने ती वेळ आली नाही.

चिकू बाहेर बांधला गेला नाही. बाबाच आता रोज सकाळी त्याला फिरवतात आणि परत आल्यावर चहाच्या आधी त्याच्या शीचा अहवाल देतात. आईला ते आवडत नाही.

मागच्या दिवाळीत त्याला मामाकडे नेलं. शेताच्या धुऱ्यावर पळसाचं एक झुडूप आहे. चिकू तिथे थांबला, नाक खुपसलं आणि हलेचना. मी साखळी ओढली, मामा म्हणाला, "राहू दे, वाचू दे त्याले." आम्ही दोघं वाकून पाहिलं. पान, माती, एक मुंगळा. पाच मिनिटांनी चिकूने पाय वर केला, काम उरकलं आणि पुढे निघाला.